घरी बांधायची स्पोर्ट्स कार : चासी आणि सस्पेन्शन

स्पेस फ्रेम : पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून केलेली चासी. नळ्यांचा चौकोन ढकलला की कलंडतो; एक तिरकी नळी टाकली की अडतो.

मूळ : लोटस सेव्हन, 1957. रॉन चॅम्पियन यांचे घरी गाडी बांधण्यावरचे पुस्तक 1996 चे. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणतात. लांबी साधारण 11 फूट. बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या 30 बाय 40 फुटांच्या साइटवर जिन्याशेजारी मावेल इतकी.

पिळाची चाचणी : कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये चासीचे मागचे टोक जखडायचे. पुढे डावीकडे 1000 न्यूटन वर, उजवीकडे तेवढेच खाली. दोहोंत 1.2 मीटर अंतर असेल तर पीळ 1200 न्यूटन-मीटर. चासी अर्धा अंश वळली, तर ताठपणा 2400 न्यूटन-मीटर प्रति अंश. मग एकेक नळी हलवून पुन्हा तेच. वेल्डिंगच्या आधी हे फुकट असते.

पोलाद : महागडे घेऊन ताठपणा वाढत नाही, फक्त ताकद वाढते. स्थितिस्थापकता गुणांक साध्या आणि महागड्या दोन्ही पोलादांचा सुमारे 200 गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा 70.

डबल विशबोन : चाक धरणारे दोन हात; वरचा आखूड, खालचा लांब. चाक वर उचलले गेले की माथा आत झुकतो, म्हणजे ऋण कॅम्बर.

बम्प स्टिअर : स्टिअरिंग स्थिर, तरी खड्ड्यात चाक आपणहून वळते. चाक वळवणाऱ्या टाय रॉडची लांबी किंवा उंची चुकलेली असते.

रस्त्यावर आणायची तर : केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 126 : प्रारूपाची चाचणी. ती करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्याची एआरएआय, स्थापना 1966.