सातबाऱ्यावर न मावणारे चारशे एकर

हैदराबादच्या पश्चिम टोकाला, जुन्या मुंबई महामार्गालगत, हैदराबाद विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. त्याला खेटून कंचा गच्चीबावली गावच्या सर्व्हे नंबर 25 मधला 400 एकरांचा तुकडा आहे. एका अंगाला विद्यापीठाची वसतिगृहे, थोड्याच अंतरावर फायनान्शियल डिस्ट्रिक्टचे काचेचे मनोरे आणि मधे हा खडकाळ, झुडपांनी भरलेला माळ. मार्च 2025 पर्यंत हैदराबादबाहेर या जागेचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मार्चअखेरीला तिथे जेसीबी शिरल्यापासून पाच दिवसांत ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. या माळाची ओळख करून घ्यायची तर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. जमीन कुणाची, हा एक. त्या जमिनीवर काय जगते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा निकाल आपल्या बाजूने लागताच शासनाने दुसराही आपोआप मिटल्याचे गृहीत धरले. विद्यार्थी, शिक्षक आणि नागरिकांची चळवळ या गृहीतकाविरुद्ध उभी राहिली आणि उपलब्ध पुरावा पाहता तिचे म्हणणे खरे ठरते.

आधी माळ पाहू. दख्खनच्या पठारावरचा हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. जमिनीखाली असतानाच भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने त्याच्या कडा झिजल्या. मग वरची माती वाहून गेली आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोलाकार धोंडे उघडे पडले. बारीक देठावर रुंद टोपी असावी तसा दिसणारा 'मशरूम रॉक' हा त्यातला सर्वांत ओळखीचा. धोंड्यांच्या बेचक्यांत पाऊस साठतो, मुरमाड मातीत गवत धरते, आडोशाला सीताफळाची झुडपे वाढतात. उन्हाळ्यात हा सगळा भाग करपलेला, रखरखीत दिसतो आणि त्यामुळेच वरवर पाहणाऱ्याला ओसाड वाटतो. विद्यापीठ परिसराच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात: 734 प्रकारच्या सपुष्प वनस्पती, 220 जातींचे पक्षी, 15 जातींचे सरपटणारे प्राणी, 10 जातींचे सस्तन प्राणी. तेलंगणाचा राज्यप्राणी असलेले चितळ इथे कळपाने आहे. मोर आहेत, रानडुकरे आहेत, साळिंदर, घोरपड आणि अजगर आहेत. पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेले तारा कासवही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली तेव्हा त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, जागा मिळाली. 'मुरिसिया हैदराबादेन्सिस' या कोळ्याची शास्त्रीय नोंद 2010 साली झाली, तीही याच परिसरातून.

महसुली दप्तरात मात्र यातले काहीच नाही. तिथे या जमिनीची नोंद 'कंचा अस्तबल पोरंबोकु सरकारी' अशी आहे. कंचा म्हणजे गुरे चारण्याचा मोकळा माळ, आपल्याकडच्या गायरानासारखा. 1974 साली संसदेच्या कायद्याने हैदराबाद विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याला 2,300 एकरांहून अधिक जमीन देण्यात आली. ताबा मिळाला, पण जमीन विद्यापीठाच्या नावावर चढली नाही. 2003-04 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने त्यातले 400 एकर क्रीडासंकुलासाठी एका खासगी कंपनीला दिले आणि बदल्यात विद्यापीठाला गोपनपल्लीत जमीन दिली. 2006 साली पुढच्या सरकारने तो व्यवहार रद्द केला. कंपनी न्यायालयात गेली आणि खटला जवळपास दोन दशके चालला. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने आणि मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर तेलंगणा औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे जमीन सोपवून तिथे आयटी पार्क उभारायचे ठरले. खासगी कंपनीच्या घशात जाणारी जमीन सरकारने परत मिळवली, हे चांगलेच झाले. पण त्या खटल्यात वाद मालकीचा होता. चितळाचा, कासवाचा किंवा तळ्याच्या पाण्याचा मुद्दा त्यात कुणी काढला नव्हता, त्यामुळे त्यावर निवाडाही झाला नव्हता.

30 मार्च 2025 हा उगादीचा दिवस होता, म्हणजे आपला गुढीपाडवा. रविवार होता आणि लागून ईदची सुटी होती. त्या दिवशी जेसीबींचा ताफा पोलीस बंदोबस्तात माळात शिरला. अडवायला गेलेल्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. रात्री दिव्यांच्या उजेडात काम चालू राहिले आणि मोरांच्या केकांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. वट फाउंडेशन या संस्थेसह इतर याचिकाकर्त्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि 2 एप्रिलला तात्पुरती स्थगिती मिळाली. 3 एप्रिलला न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी जागेवर पाठवले. सुमारे 100 एकर जमीन यंत्रांनी साफ झाल्याचे आणि तिथे मोर, हरणे दिसल्याचे त्यांनी कळवले. त्याच दिवशी सगळे काम थांबवण्याचा आदेश निघाला. मुंबईकरांना हा क्रम ओळखीचा वाटेल. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळताच आरे वसाहतीत शुक्रवारी रात्रीच करवती चालू झाल्या आणि सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर 2,141 झाडे पडली होती. दोन्हीकडे सुटीची वेळ साधली गेली. आपले काम कायद्याच्या चौकटीत बसते अशी खात्री असलेले प्रशासन न्यायालयाचे दार उघडण्यापूर्वी उरकून टाकण्याची घाई करत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही जमीन कधीच वन म्हणून अधिसूचित नव्हती. खटल्याच्या वीस वर्षांत ती पडून राहिली म्हणून झुडपे माजली, आणि दुर्लक्षातून उगवलेल्या रानाला जंगल कसे म्हणायचे? याचे कायदेशीर उत्तर 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात आहे. नोंद काहीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितले. अशा जमिनी शोधण्यासाठी तज्ज्ञ समित्या नेमा, असे 4 मार्च 2025 रोजी, म्हणजे जेसीबी येण्याच्या जेमतेम चार आठवडे आधी, राज्यांना पुन्हा बजावले होते. पाहणी आधी आणि तोड नंतर, हा साधा क्रम इथे उलटा झाला. विदर्भातल्या वाचकाला तर हा वाद घरचा वाटावा. पूर्व विदर्भातल्या सुमारे 86,000 हेक्टर झुडपी जंगलाचे वर्षानुवर्षे लोंबकळलेले प्रकरण मे 2025 मध्ये निकाली निघाले, आणि 1996 च्या आदेशाच्या आधारे ती जमीन वनजमीन ठरली. तो निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीशही अमरावतीचे गवईच. शिवाय खुद्द हैदराबादमध्ये दाखला आहे. शहराच्या मधोमध असलेले, सुमारे 390 एकरांचे कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान हे एकेकाळी निजाम घराण्याच्या चिरान पॅलेसचे आवार होते. 1998 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 2016 मध्ये उड्डाणपुलांसाठी त्याच्या कडेची हजारो झाडे तोडायचे घाटले तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी धरली आणि राष्ट्रीय हरित लवादाकडून स्थगिती आणली. जवळपास तेवढ्याच आकाराच्या त्या तुकड्याला शहराचे फुप्फुस म्हणायचे आणि या तुकड्याला पडीक, यात तर्क दिसत नाही.

दुसरा आक्षेप महामंडळाने लेखी मांडला: 400 एकरांत एकही तळे नाही, बफेलो लेक आणि पीकॉक लेक हद्दीबाहेर आहेत आणि मशरूम रॉकसारखे खडक आम्ही राखणारच आहोत. नकाशापुरते हे मान्य करू. पण तळ्याचे पाणी तळ्यात तयार होत नाही. ते उताराच्या माळावरून वाहत येते. माळावरचे गवत काढले की पहिल्याच पावसात मुरूम आणि गाळ खाली येतो. वर काँक्रीट झाले की पाणी मुरायचे थांबते आणि गटाराचे पाणी तळ्याची वाट धरते. माशांना याची किंमत सर्वांत आधी मोजावी लागते. तेलंगणाचा राज्यमासा असलेली मरळ काठालगतच्या उथळ, पाणगवताच्या पाण्यात अंडी घालते आणि पिले मोठी होईपर्यंत नर-मादी त्यांची राखण करतात. काठ गाळाने भरला की तळे नकाशावर राहते, पण विणीची जागा जाते. पाणलोट राखल्याशिवाय पाणी राखता येत नाही, हे या शहराला नवे नाही. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. त्यांचे पाणी शुद्ध राहावे म्हणून 8 मार्च 1996 रोजी शासन आदेश क्रमांक 111 निघाला आणि 10 किलोमीटरच्या परिघातल्या 84 गावांतील बांधकामांवर निर्बंध आले. त्याच आदेशाचे बंधन 2022 साली सैल करण्यात आले. उलट बाजूला पाटणचेरू आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिथल्या तळ्यांची आणि शेतीची काय दशा केली, याचा खटला 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि रहिवासी दशकानुदशके लढत राहिले. हे दोन धडे शेजारी असताना 'तळे हद्दीबाहेर आहे' हा युक्तिवाद फारच तोकडा पडतो.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महामंडळाच्या हिशेबाने या प्रकल्पातून 50,000 कोटींची गुंतवणूक आणि 5 लाख रोजगार येणार होते. याच जमिनीच्या तारणावर सुमारे 10,000 कोटी रुपये रोख्यांतून उभे राहिलेही होते. तेलंगणासारख्या तरुण राज्याला रोजगार हवेत, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगायला नको, कारण उद्या नोकरी शोधणार आहेत ते तेच. पण आयटी कंपनीला वीज, रस्ता आणि इमारत लागते, 250 कोटी वर्षांचा खडक लागत नाही. ती हैदराबादच्या 158 किलोमीटरच्या बाह्यवळण मार्गालगत दुसरीकडेही बसू शकते. तारा कासवाला, कोळ्याला आणि गवताला तशी सोय नाही. 'चितळे पकडून दुसऱ्या उद्यानात सोडू' हाही उपाय कागदावरच सोपा आहे. भेदरलेले चितळ पकडताना आणि नेताना दगावण्याचा धोका मोठा असतो, आणि उरलेल्या शेकडो जातींना पकडणार तरी कोण? माळ उघडा पडताच काय होते ते त्याच आठवड्यात दिसले: बिथरलेली हरणे वस्तीकडे आली आणि कुत्र्यांच्या हल्ल्यात एक चितळ मेले.

चौथा आक्षेप चळवळीच्या सचोटीवर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली पळणाऱ्या मोर-हरणांची चित्रे पसरवून लोकांना भडकावले, असे सरकारने म्हटले, चौकशी लावली आणि असे चित्र पुढे पाठवल्याबद्दल एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यालाही पोलिसांची नोटीस गेली. खोटी चित्रे फिरली हे खरे आहे आणि ती फिरवणाऱ्यांनी चळवळीचे नुकसानच केले. खऱ्या जखमेवर खोटे रक्त लावले की खऱ्यावरही शंका घेतली जाते. पण न्यायालयाने आदेश दिला तो त्या चित्रांवर विसंबून नव्हे. त्याच्यापुढे निबंधकांनी डोळ्यांनी पाहून केलेला अहवाल होता. जनमत तयार झाले त्यामागेही वर्षानुवर्षे दुर्बीण आणि वही घेऊन हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि अभ्यासकांच्या नोंदी होत्या. पक्ष्यांच्या याद्या, वनस्पतींची सूची, कोळ्यावरचा शोधनिबंध हे सगळे संकट येण्याच्या आधीचे आहे. ऐन वेळी घोषणा देता येतात, 734 वनस्पतींची यादी करता येत नाही.

मे 2025 मध्ये सरन्यायाधीश झालेल्या गवई यांच्यापुढे हे प्रकरण आले तेव्हा त्यांनी राज्याला दोनच वाटा ठेवल्या: माळ पूर्ववत करा, नाहीतर अधिकाऱ्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवा. ऑगस्टमध्ये त्यांनी पर्यावरण आणि विकास यांचा मेळ घालणारा प्रस्ताव आणायला राज्याला मुदत दिली. पूर्ववत करणे म्हणजे खड्डे खणून ओळीने रोपे लावणे, असा सरकारी समज असेल तर तो आताच खोडायला हवा. हा झुडपी, खडकाळ माळ आहे. दाट सावलीची झाडे लावली तर इथले गवत आणि त्यावर जगणारे जीव आणखी आकसतील. माती जागेवर ठेवणे, यंत्रांनी बुजवलेले ओघळ मोकळे करणे, विद्यापीठाच्या रानाशी जोडणारी वाट उघडी ठेवणे आणि बाकी काम पावसावर सोपवणे, एवढेच बहुतांशी पुरेसे आहे. त्यावर इमारतींची नवी रेघ ओढायचीच असेल, तर ती तज्ज्ञांच्या पाहणीनंतर आणि जाहीर सुनावणीनंतरच ओढली जावी.

मराठी वाचकाने यातून एक काम मात्र उचलावे. जैवविविधता कायदा 2002 साली आला, आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. माधव गाडगीळांनी रुजवलेली ही कल्पना बऱ्याच ठिकाणी कपाटात बंद आहे. आपल्या गावच्या गायरानाची, टेकडीची, तळ्याची ती वही मागून पाहा. कोरी असेल तर शाळेतली मुले, गुराखी आणि मासेमारी करणारी कुटुंबे यांना सोबत घेऊन भरायला लागा. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, त्या मातीत जगणाऱ्यांची नावे आपल्यालाच लिहावी लागतात, आणि ती जेसीबी यायच्या आधी लिहिलेली असली तरच उपयोगी पडतात.