मुलांच्या नजरेला काय पडतं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांसमोर भलतंच काही दिसलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संताप उसळतो आणि दोन दिवसांत विरतो. हा संताप योग्य जागी पोचला तर फरक पडतो. त्यासाठी आधी काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : काय दाखवायचं ही वाहिनीची मर्जी.
वस्तुस्थिती : केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. मुलं सर्वाधिक संख्येने टीव्ही पाहतात त्या वेळेत त्यांच्यासाठी अयोग्य कार्यक्रम दाखवायचे नाहीत. खास मुलांच्या कार्यक्रमांत शिवराळ भाषा आणि हिंसेची उघड दृश्यं नकोत, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

गैरसमज : एकट्यादुकट्याच्या तक्रारीला कोण विचारतं?
वस्तुस्थिती : २०२१च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने २४ तासांत तक्रारीची पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येतं. तिने ६० दिवसांत निकाल द्यायचा आणि त्यावर केंद्र सरकारची देखरेख असते.

मात्र ‘काहीही दाखवतात’ एवढं लिहून भागत नाही. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहा. उदाहरणार्थ, ‘रविवारी सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी, कार्टूनच्या मध्ये, गळा चिरण्याचं दृश्य असलेला चित्रपटाचा ट्रेलर.’ अशी तक्रार टोलवणं अवघड जातं. पालक-शिक्षक संघाने मिळून पाठवली, तर तिचं वजन आणखी वाढतं. जाहिरातींविषयीच्या तक्रारी १९८५ पासून काम करणारी भारतीय जाहिरात मानक परिषद घेते.

गैरसमज : चित्रपटाचं ‘यूए’ प्रमाणपत्र म्हणजे मुलांनी बघायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : ‘यूए’ म्हणजे पालकांनी ठरवायचं. २०२३च्या कायद्याने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे केले. ओटीटीवर १३+ आणि त्यावरील आशयासाठी पालक-लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. लॉक लावायचं काम मात्र आपलंच.

गैरसमज : बालअत्याचाराचा व्हिडिओ इतरांना सावध करायला पुढे पाठवला तर चालतो.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. हेतू चांगला असला तरी प्रत्येक फॉरवर्डमुळे त्या मुलाची पुन्हा विटंबना होते आणि असा मजकूर पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. पुढे न पाठवता तो राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा पोलिसांना कळवा. मूल संकटात असेल तर १०९८ला फोन करा.

गैरसमज : अशी मागणी म्हणजे सेन्सॉरशिप.
वस्तुस्थिती : १९६८मध्ये अमेरिकेतल्या न्यूटन शहरात पेगी चॅरन आणि काही आयांनी मुलांच्या टीव्हीसाठी संघटना उभारली. त्यांचा बंदीला विरोध होता. मुलांच्या माथी मारल्या जाणाऱ्या जाहिराती कमी करा आणि चांगले कार्यक्रम वाढवा, ही त्यांची मागणी. चिकाटीला फळ आलं १९९०च्या कायद्याने : मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, शनिवार-रविवारी साडेदहा.

आपल्याकडे नियम आहेत, मुदती आहेत. ते वापरणारे पालक हवेत. पुढच्या पालकसभेत एक अर्ज मिळून लिहा आणि पोच आली का, यावर लक्ष ठेवायला दोघांना नेमा.