डिझेलचा काटा खोटं बोलतो तेव्हा

आज आम्ही आमच्या गटाच्या जुन्या व्हॅनबद्दल बोलणार आहोत. गाडी जुनीच घेतली. मागची बाकं काढून फळ्या ठोकल्या. दिवसा त्यावर मालाची पोती, रात्री आमची अंथरुणं. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याची जत्रा भरते, तेव्हा आम्ही वैनगंगेच्या काठी तिच्यातच मुक्काम करतो आणि मोहाचे लाडू, जवसाची चटणी, लाखोळीची डाळ विकतो.

मागच्या जत्रेहून परतताना गाडी धानोऱ्याच्या पुढे जंगलात बंद पडली. दिवस मावळला होता. आपल्या भागात वाघ आहे, अस्वल आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही फिरतात. काटा तर पाव टाकी दाखवत होता. पण टाकीत थेंब नव्हता. एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी डिझेल दिलं, तरी गाडी लगेच चालू होईना. डिझेलची गाडी पूर्ण कोरडी झाली की पाइपात हवा शिरते. ‘एअर घेतली’ म्हणतात ते हेच. ती हवा काढेपर्यंत रात्र झाली.

याहून वाईट गोष्ट त्याआधीच घडली होती. एकदा गाडी रात्री उभी केली तेव्हा काटा अर्ध्यावर होता. सकाळी निघालो, गावाबाहेरच्या खड्ड्यात चाक आपटलं आणि काटा एकदम पावावर आला. गटात कुजबुज सुरू झाली, “पोरगा डिझेल विकते का?” गाडी चालवणारा पोरगा आमच्यातल्याच एका ताईचा भाचा. ताईनं दोन बैठका तोंड उघडलं नाही.

मग आम्ही ठरवलं, आधी काटा तपासायचा, मग माणूस.

काटा चालतो कसा, ते समजून घेऊ. टाकीत एका दांडीला तरंगणारा गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. डिझेल वाढलं की तो वर जातो, कमी झालं की खाली येतो. दांडीचं दुसरं टोक एका बारीक पट्टीवर घासत सरकतं. त्यानं विजेचा अडथळा कमी-जास्त होतो, आणि तेवढा समोरचा काटा हलतो. विहिरीत बादली किती खोल गेली हे वर दोरावरून कळतं, तसंच हे. म्हणजे दोष चारच ठिकाणी असू शकतो : समोरचा काटा, मधली वायर, टाकीचं अर्थिंग किंवा टाकीतला फ्लोट.

पहिली तपासणी आपण स्वतः करू शकतो. गाडी सपाट जागी उभी करा. चढावर काटा चुकीचाच दाखवतो. चावी फिरवून थोडं थांबा, कारण काटा सावकाश चढतो. इंजिनाच्या गरमीचा काटाही बिघडलाय का बघा. दोन्ही बिघडले असतील तर फ्यूज किंवा काट्यांना येणारी वीज यात दोष असण्याचा संभव जास्त. एकटा डिझेलचाच काटा बिघडला असेल तर पुढे चला.

दुसरी तपासणी मिस्त्रीकडून करून घ्या, पण आपण बाजूला उभं राहून बघा. टाकीवरून येणारी वायर काढली की काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर गाडीच्या बॉडीला क्षणभर टेकवली की दुसऱ्या टोकाला. कोणत्या टोकाला, ते गाडीप्रमाणे बदलतं. काटा दोन्हीकडे गेला तर काटा आणि वायर ठीक, दोष टाकीकडे. नाहीच हलला तर वायर किंवा काटा खराब. टाकीजवळ ठिणगी नको, विडी नको, काडी नको. पेट्रोलच्या गाडीत तर दुप्पट जपा.

दोष टाकीकडे असेल तर आधी अर्थिंगची वायर बघा. चिखल आणि गंज बसला की ती वीज नीट जाऊ देत नाही. घासून घट्ट केली तर पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं, तर फ्लोट बाहेर काढावा लागतो. फ्लोटला भोक पडून आत डिझेल भरलं असेल तर तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. पट्टी झिजली असेल तर काटा ठरावीक जागी उड्या मारतो.

आमची दांडी गंजून अडकत होती. डिझेल संपत जाई, दांडी वरच राही. खड्ड्यात हिसका बसला की सुटून खाली येई. त्या सकाळचं ‘चोरीचं’ डिझेल ते हेच! ते आदल्या दिवशीच जळालं होतं.

नवा फ्लोट बसवला, पण आता भरवसा एकट्या काट्यावर नाही. गाडीत वही ठेवली आहे. दर वेळी टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर आणि लिटर लिहायचे. समजा २३४ किलोमीटरनंतर १८ लिटर बसलं, तर लिटरला १३ किलोमीटर. आमची टाकी ४० लिटरची. १० लिटर हाताशी ठेवायचं, म्हणजे ३० लिटरवर ३९० किलोमीटर जातात. पण ओझं आणि कच्चा रस्ता धरून आम्ही साडेतीनशेलाच भरतो. आलापल्लीहून भामरागडकडे जायचं असलं तर वाट न बघता निघतानाच भरतो.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. डिझेल खरंच चोरीला जात असेल किंवा गळत असेल, तर हा १३ चा आकडा घसरतो. आमचा चार वेळा भरून तेवढाच राहिला. ती वही आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर वाचली, पोराला बोलावलं आणि चूक आमची झाली असं म्हटलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन आणली.

तुमच्या गटाची गाडी असेल, भाड्याची असेल, नाहीतर आजारी बाईला दवाखान्यात नेणारी गावातली जीप असेल, काट्यासोबत वही ठेवा बायांनो. आणि कोणावर बोट दाखवायच्या आधी टाकीत बघा.