एका आकड्याची फौजदारी

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत, कुलाब्याच्या ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन मोटारी सापडल्या. खऱ्या मालकाला न मोडलेल्या नियमांची ई-चलाने येत होती. दुसऱ्याने कर्जवसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी नंबरातला एक आकडा बदलल्याचे पोलीस चौकशीत पुढे आले. एवढ्यासाठी फौजदारी कशाला, दंड करून सोडा, असे अनेकांना वाटेल; मला तसे वाटत नाही. ४१४१ हे आकडे वाकवून ‘दादा’ लिहिणारा नियम मोडतो आणि पाचशे रुपये भरून सुटतो, पण निदान नंबर तरी दादाचाच असतो! बनावट प्लेटवाला दुसऱ्याचे नाव लावून फिरतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत दस्तऐवज कागदाचाच असावा लागत नाही. कोणत्याही पदार्थावरची अक्षरे, आकडे वा खुणा त्यात येतात, म्हणजे पत्राही आला. कलम ३३६ प्रमाणे बनावटीला दोन वर्षांपर्यंत, फसवणुकीसाठी केली असल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कलम ३४० प्रमाणे जाणूनबुजून वापरणाराही तेवढ्याच शिक्षेला पात्र ठरतो. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत अँटिलिया या उद्योगपतीच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्यांसह सापडलेल्या स्कॉर्पिओवरचा नंबरही खोटाच होता, आणि पुढे तपासात मिठी नदीतून नंबर प्लेट बाहेर काढाव्या लागल्या.

मग प्लेट तुटली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात आपलाच नंबर रंगवून घेणाराही तुरुंगात जाणार का? नाही. बनावटीच्या गुन्ह्याला फसवण्याचा हेतू लागतो. त्याच्यावर फार तर नियमभंगाचा दंड. याच हेतूच्या फटीतून प्लेट बनवणारा मात्र निसटतो: आरसी न पाहता नंबर ठोकून द्यायचा आणि ‘मला काय माहीत’ म्हणायचे. त्याला माहीत होते, हे पोलिसांनीच सिद्ध करायचे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटने (एचएसआरपी) हे सगळे थांबेल, असाही एक युक्तिवाद असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि सहज न निघणारे कुलूप असलेली प्लेट कंपनीकडूनच येते. नक्कल त्यामुळे अवघड झाली, हे खरेच. पण गाडी मुंबईची असो की छत्तीसगडमधल्या भिलईच्या नेहरू नगरातली सीजी ०७ नंबरची, चौकातला कॅमेरा आकडे वाचतो, होलोग्राम नाही. तो बघायला माणसाने गाडी थांबवावी लागते. तोवर चलान खऱ्या मालकाच्याच मोबाइलवर येते, आणि त्या वेळी आपली गाडी कुठे उभी होती हे दाखवत तोच फिरतो.