दूरध्वनी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम : २० मिलिसेकंद आणि १० वर्षे

टेलिफोनवर उच्चारलेला शब्द सहसा सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते. एका बाजूच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, ते या हिशेबाने. हा आवाज इंटरनेटच्या मार्गाने जायचा असेल तर त्याचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. एका तुकड्यात १६० बाइट, सेकंदाला असे ५० तुकडे. दोन माणसे बोलत असताना मधल्या सर्व्हरकडे सेकंदाला १०० तुकडे येतात आणि १०० बाहेर पडतात. एकाच वेळी शंभर संभाषणे चालू असतील तर दहा हजार आत, दहा हजार बाहेर, आणि प्रत्येकाने आपल्या वेळेला निघायचे. हे काम आज बाजारात मिळणारा साधा संगणक, कुणालाही फुकट मिळणाऱ्या ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरच्या बळावर, दिवसरात्र करतो. एकेकाळी याच कामासाठी खोलीभर कपाटे लागत.

या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मला तो या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. ॲस्टेरिस्क पुन्हा बसवता येते, फोन बदलता येतात. पण खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हणजे चालू एक्स्चेंज उपटून नवे रोवायचे.

लिनक्स आणि फ्रीबीएसडी या आजच्या ऑपरेटिंग सिस्टीम ज्या घराण्यातल्या, त्या युनिक्सचा जन्म टेलिफोन कंपनीच्या घरातला आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केली. पुढे त्याच कंपनीच्या ५ईएसएस या एक्स्चेंजच्या कारभाराचे संगणक युनिक्स-आरटीआर या खास आवृत्तीवर चालले. त्याआधीच्या १ईएसएस या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजसमोर, जे १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सुकासुना गावी सुरू झाले, अभियंत्यांनी ठेवलेले उद्दिष्ट आजही थक्क करते : ४० वर्षांत सगळे मिळून २ तासांहून जास्त काळ यंत्रणा बंद राहता कामा नये. दूरध्वनी सर्व्हर उभारणाऱ्याने हा आकडा टेबलासमोर लिहून ठेवावा.

ॲस्टेरिस्कची कथा १९९९ ची. मार्क स्पेन्सर हा अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाचा विद्यार्थी लिनक्स वापरणाऱ्यांना मदत पुरवणारी छोटी कंपनी चालवत होता. ग्राहकांचे फोन घ्यायला कार्यालयीन एक्स्चेंज हवे होते आणि त्याची किंमत परवडणारी नव्हती, म्हणून त्याने ते स्वतःच लिहायला घेतले. त्याच सुमारास जिम डिक्सन हा दूरसंचार अभियंता एका वेगळ्या कल्पनेच्या मागे होता. टेलिफोन लाइनच्या कार्डांवर आवाजाची प्रक्रिया करणाऱ्या महागड्या चिप असत. डिक्सन म्हणत होता की संगणकाचे प्रोसेसर आता इतके वेगवान झाले आहेत की कार्डावरच्या त्या चिप काढून टाका, सगळे गणित प्रोसेसरलाच करू द्या. त्याने तसे स्वस्त कार्ड बनवले, त्याचा आराखडा जगाला खुला केला आणि मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटाचे नाव त्या प्रकल्पाला दिले.

डिक्सनने हे काम फ्रीबीएसडीवर केले होते, लिनक्सवर नव्हे. लोकांनी मात्र लिनक्सचीच मागणी केली, आणि तेव्हा स्पेन्सर त्याला येऊन मिळाला. कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सवर आला, ॲस्टेरिस्क त्याच्याशी जोडले गेले आणि पुढच्या सगळ्या वर्षांचा कल तिथेच ठरला. आज ॲस्टेरिस्क फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवरही चालते, पण नवी सुविधा, चाचण्या आणि अडचणीत सापडलेल्याला मिळणारे उत्तर आधी लिनक्ससाठी असते. बीएसडीत मुरलेल्या माणसाने ती खुशाल वापरावी. इतरांनी केवळ कुतूहलापोटी चालू कार्यालयाचे फोन तिच्यावर टाकू नयेत. विंडोजवर सिगविनच्या आधाराने ॲस्टेरिस्क चालवण्याचे प्रयत्न झाले, ते शिकण्यापुरतेच राहिले.

डिक्सनच्या कल्पनेची खरी किंमत ऑपरेटिंग सिस्टीमला मोजावी लागली. भारतात कार्यालयांना मिळणाऱ्या पीआरआय लाइनवर एकावेळी ३० संभाषणे चालतात. ती लाइन जोडलेले कार्ड प्रोसेसरला सेकंदाला १,००० वेळा हाक मारते, आणि प्रत्येक हाकेला प्रत्येक संभाषणाचे ८ बाइट उचलून दुसरे ८ ठेवायचे असतात. एक मिलिसेकंद चुकला की तेवढा आवाज गेला, तो परत मागता येत नाही. बोलणाऱ्याला बारीक टकटक ऐकू येते, फॅक्स मात्र अर्ध्यात तुटतो. सुरुवातीच्या काळात जाणकार एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत : या संगणकावर ग्राफिकल पडदा चालवू नका. हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने प्रोसेसर जरासा अडवून धरला तरी आवाज तुटत असे. सल्ला आजही लागू आहे. दूरध्वनी सर्व्हरवर डेस्कटॉप बसवण्याचे एकही चांगले कारण मला माहीत नाही.

कॉन्फरन्स कॉलची गोष्ट तर विलक्षण आहे. दहा जणांचे आवाज मिसळायचे तर सगळ्यांना एकच ठेका हवा. भजनात टाळकऱ्यांची लय जशी एका पखवाजावर ठरते, तशी. हा ठेका टेलिफोनचे कार्ड देत असे. ज्यांच्याकडे कार्डच नव्हते, ज्यांचे सगळे फोन इंटरनेटवरून येत, त्यांच्यासाठी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २.४ या आवृत्तीवर होता त्या काळात झेडटीडमी नावाचा छोटा ड्रायव्हर निघाला. तो संगणकातल्या यूएसबी नियंत्रकाच्या मिलिसेकंदी ठोक्यांवर घड्याळ चालवी. माउस आणि पेन ड्राइव्ह जोडायचे यंत्र कॉन्फरन्सचा ताल सांभाळत होते! २००८ मध्ये कर्नल २.६.२५ मध्ये टायमरएफडी ही सोय पूर्ण रूपात आली आणि पुढे ॲस्टेरिस्कला असा नेमका ठोका थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून मिळू लागला. तेव्हापासून फक्त इंटरनेटवरून फोन चालवणाऱ्याला कार्डाचा ड्रायव्हर बसवण्याची गरज उरलेली नाही. कुठलेही आजचे लिनक्स वितरण २० मिलिसेकंदांची शिस्त सहज पाळते. ती मोडतेच तर बहुधा आभासी यंत्रावर, जिथे मूळ सर्व्हर एकाच प्रोसेसरवर फार भाडेकरू बसवतो. तिथे दोष लिनक्सच्या माथी मारण्याआधी भाड्याच्या करारात स्वतंत्र प्रोसेसर आहे का, ते पाहावे.

मिलिसेकंदांचा प्रश्न असा बराचसा सुटला. वर्षांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

अनेक वर्षे दूरध्वनी सर्व्हर म्हणजे सेंटओएस हे समीकरण होते. रेड हॅट कंपनीच्या व्यावसायिक लिनक्सची ती विनामूल्य प्रतिकृती. दहा वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, हा तिचा आधार. ॲस्टेरिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र देणारी तयार वितरणे, म्हणजे ट्रिक्सबॉक्स, इलॅस्टिक्स, फ्रीपीबीएक्सचे वितरण, सगळी तिच्यावर उभी होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आयुष्य मिळणार होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. सेंटओएस ७ ची मुदत ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ रोजी संपली. फ्रीपीबीएक्सने आपल्या १७ व्या आवृत्तीसाठी डेबियन १२ हे लिनक्स निवडले. सेंटओएसची जागा घ्यायला रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स पुढे आली, आणि ती चांगली आहेत. कॉल सेंटरमध्ये चालणाऱ्या व्हिसिडायलचे तयार वितरण ओपनसुसेवर आहे. तयार वितरण घेणाऱ्याने ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः निवडूच नये, त्या वितरणाच्या लेखकांनी निवडलेलीच स्वीकारावी, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

जो स्वतः सगळे बसवणार आहे त्याच्यासाठी डेबियनमध्ये एक खाचखळगा आहे. डेबियन १२ च्या भांडारात ॲस्टेरिस्कचे पॅकेज नाही. अनेकांना ही उणीव वाटते. मला ती इष्टापत्ती वाटते. एक्स्चेंजचे मुख्य सॉफ्टवेअर मूळ स्रोतातून संकलित करणेच योग्य, कारण ॲस्टेरिस्कच्या दीर्घकालीन आवृत्त्यांचे वेळापत्रक डेबियनच्या वेळापत्रकाशी जुळत नाही आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की ती त्याच दिवशी हातात हवी. स्रोताबरोबरच इन्स्टॉल-प्रीरेक नावाची स्क्रिप्ट येते, ती लागणारी पूरक पॅकेजेस स्वतः ओळखून आणते. मग मेन्यूसिलेक्ट या निवडयादीत हवी तेवढीच मोड्यूल ठेवायची. जे संकलितच केले नाही, त्यातून कुणी शिरू शकत नाही.

पीआरआय किंवा ॲनालॉग लाइनचे कार्ड असेल तर सावधपणा वाढवावा. डाहडी हा त्या कार्डाचा ड्रायव्हर (पूर्वीचा झॅपटेल, व्यापारचिन्हाच्या वादातून २००८ मध्ये नाव बदलले) ज्या कर्नलसाठी बनवला त्याच कर्नलमध्ये बसतो. रात्री आपोआप नवे कर्नल उतरते, काही आठवड्यांनी वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू होतो, आणि सकाळी सगळ्या लाइन मृत. ॲस्टेरिस्क चालू असते, आतले फोन एकमेकांना लागतात, बाहेर मात्र काही जात नाही. कर्नलचे पॅकेज अडवून धरावे, आणि बदलायचे ठरले की डाहडी पुन्हा संकलित करूनच सर्व्हर पुन्हा सुरू करावा. कर्नल वर्षानुवर्षे एकाच मुळावर ठेवणारी रेड हॅटच्या वंशातली वितरणे इथे थोडी सुखाची ठरतात.

आणखी एक अडथळा मोठ्या सर्व्हरवर हमखास भेटतो. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रॅमला एकावेळी किती फाइली उघडता येतील याची मर्यादा घालते आणि लिनक्सवर ती सहसा १,०२४ असते. नेटवर्कची प्रत्येक वाटही त्यात फाइल म्हणून मोजली जाते. एका संभाषणाला दोन बाजू, प्रत्येक बाजूला आवाजाची एक वाट आणि नियंत्रणाची एक, शिवाय टायमर. प्रोसेसर निवांत, मेमरी रिकामी, आणि तरी कॉल लागत नाहीत, अशी तक्रार आली की आधी ही मर्यादा बघावी.

सुरक्षेविषयी फार लांबण लावत नाही. इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या सिप या पद्धतीचे ५०६० क्रमांकाचे दार इंटरनेटवर उघडे ठेवले की पासवर्ड ताडून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम त्यावर धडकू लागतात. एक कमकुवत पासवर्ड सापडला की त्या लाइनवरून महागडे परदेशी कॉल लावले जातात आणि बिल मालकाला येते. फायरवॉल आणि वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारा फेलटूबॅन पहिल्या दिवसापासून असावेत. अपडेट बंद झालेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर मात्र हे दोन्ही मिळूनही पुरेसे पडत नाहीत.

आज नवा सर्व्हर उभारणाऱ्याला माझे सांगणे असे : सगळे फोन इंटरनेटवरून असतील तर डेबियनची स्थिर आवृत्ती, ग्राफिकल पडद्याविना, आणि त्यावर स्रोतातून संकलित केलेली ॲस्टेरिस्कची दीर्घकालीन आवृत्ती. जुन्या लाइनचे कार्ड असेल तर अल्मा किंवा रॉकी. आणि ज्यांचा सर्व्हर आजही सेंटओएस ७ वर चालू आहे, त्यांनी तो बिनतक्रार चालतो म्हणून थांबू नये. डायलप्लॅन (कॉल कुठे वळवायचे याचे नियम) आणि व्हॉइसमेलची प्रत आजच काढून ठेवावी आणि स्थलांतराची तारीख ठरवावी.