पाण्यांतील अदृश्य बुरशी

बुरशी म्हटली कीं, शिळ्या भाकरीवर किंवा पावसाळ्यांत चामड्याच्या जोड्यावर येणारी बुरशी आपल्यापुढें उभी राहते, व केवळ नासाडी करणारी म्हणूनच आपण तिला ओळखतों. परंतु तिच्याच कुळांतील कांहीं साध्या जाती तळ्यांत व नद्यांत राहून तेथील जीवांस मोठें साह्य करितात. त्यांपैकीं 'कायट्रिड' नांवाच्या बुरशीचा परिचय आम्ही येथें करून देऊं इच्छितों.

कायट्रिडचें शरीर म्हणजे बहुधा एक सूक्ष्म पिशवी. तिच्यापासून मुळांसारखे तंतू निघून अन्नांत शिरतात. पिशवी परिपक्व झाली म्हणजे तींतून बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येक बीजाणू मिलिमीटरच्या १०० व्या भागाहूनही लहान असून, मागील एकच शेपूट हालवीत पोहतो. पाण्यांत पडलेलीं पानें, पराग, कीटकांची कात यांवर तो वाढतो, आणि इतरांस न पचणारे कठीण पदार्थ कुजवून त्यांतील द्रव्यें पाण्यास परत देतो.

कित्येक कायट्रिड जिवंत शेवाळावर जगतात. इंग्लंडांतील विंडरमीअर इत्यादि सरोवरांत आस्टेरिओनेला नांवाचें सूक्ष्म, तारकाकृति शेवाळ विपुल वाढतें. कायट्रिडची सांथ आली म्हणजे त्याची संख्या घटते, असें हिल्डा कँटर व जॉन लुंड यांनीं १९४८ सालीं दाखविलें. मग तें अन्न व्यर्थ गेलें काय? मुळींच नाहीं. डॅफ्निया नांवाच्या लहानशा जलजीवास तें तारकाकृति शेवाळ सहसा खातां येत नाहीं. परंतु त्यावर पोसलेले बीजाणू तो सहज खातो, आणि डॅफ्नियास मासे खातात. बुरशी असतां डॅफ्नियाची वाढ अधिक चांगली होते, हें मायको कागामी व त्यांचे सहकारी यांच्या २००७ सालच्या प्रयोगांत दिसून आलें.

तथापि ह्याच कुळांतील एक जाति बेडकांच्या त्वचेस रोग लाविते. १९९९ सालीं तिचें नामकरण झालें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तिच्यामुळें बेडूक व तत्सम प्राण्यांच्या ५०१ जातींची संख्या घटली, व त्यांपैकीं ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात. मनुष्यानें व्यापारासाठीं हे प्राणी देशोदेशीं नेल्यानें हा रोग पसरला. म्हणून विद्यार्थ्यांनीं एका तळ्यांतील बेडूक दुसऱ्या तळ्यांत कधींही सोडूं नयेत.

पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडेही प्रभूनें गोळा करविले. सृष्टींतही उरलेसुरलें गोळा करण्याचें काम निर्मात्यानें अशा अदृश्य सेवकांस सोंपविलें आहे. त्यांची व्यवस्था न बिघडविणें हें आपलें कर्तव्य होय.