म्हातारपण की सांधेदुखी?
घरातील वृद्ध कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांची निगा



कुत्रा म्हातारा झाला की कोपऱ्यात पडून राहतो आणि मांजर म्हातारे झाले की दिवसभर झोपते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. पण तिच्या आड पुष्कळदा एक दुखणे लपून राहते. ते दुखणे म्हणजे सांध्यांची झीज, अर्थात संधिवात. म्हातारपणावर औषध नाही. सांधेदुखीवर मात्र उपाय आहेत. म्हणून आपले जनावर वयामुळे बसून आहे की वेदनेमुळे, हे ओळखणे ही पहिली पायरी होय. हे दुखणे कसे होते, कसे ओळखावे, कसे टाळावे, आणि झालेच तर काय करावे व काय मुळीच करू नये, याची माहिती आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत.

सांधा झिजतो म्हणजे काय?

दोन हाडे जिथे एकत्र येतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. त्यामुळे हाडावर हाड घासत नाही. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे ती एकदा झिजली की पूर्वीसारखी भरून येत नाही. थर खरबरीत होतो, पिशवीला सूज येते, हाडाच्या कडेला नको असलेली वाढ होते. दुखते म्हणून जनावर हालचाल टाळते. हालचाल थांबली की स्नायू बारीक होतात आणि स्नायू अशक्त झाले की सगळा भार पुन्हा सांध्यावरच येतो. हे चक्र जितक्या लवकर तोडता येईल तितके बरे.

याची कारणे अनेक आहेत. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल बसण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. गावठी कुत्र्यांत पूर्वी वाहनाची धडक बसून हाड वाकडे जुळलेले असते. गुडघ्याचा बंध तुटणे हेही एक कारण आहे. या सर्वांत भर घालणारे कारण म्हणजे लठ्ठपणा.

ओळखावे कसे?

जनावर दुखते म्हणून ओरडत नाही. ते फक्त आपली वागणूक बदलते. कुत्र्यात पुढील खुणा पाहाव्यात : झोपून उठताना वेळ लागणे, पहिली काही पावले लंगडून मग चाल मोकळी होणे, जिना चढण्यास नकार, थंडीत अधिक आखडणे, मागच्या मांड्या बारीक होणे, एकच सांधा सतत चाटणे, पूर्वी गरीब असलेल्या कुत्र्याने पाठीला हात लावताच गुरगुरणे.

मांजराचे दुखणे ओळखणे आणखी कठीण असते. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असल्याने ते सहसा लंगडत नाही. एका उडीत खिडकीवर जाणारे मांजर आधी खुर्चीवर, मग खिडकीवर जाऊ लागते. पाठीवरील केस चाटता न आल्याने त्यांच्या गुठळ्या होतात. मातीच्या ट्रेची कड ओलांडवत नाही म्हणून ते बाहेर घाण करते आणि उगाच मार खाते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता ९० मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. म्हणजे म्हाताऱ्या मांजरात हे दुखणे अपवाद नसून जवळजवळ नियमच आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक लंगडणे हे झिजेमुळेच असते असे नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचे सांधे सुजतात. ताप, अन्नावरची वासना उडणे आणि एकाच वेळी अनेक सांधे दुखणे अशी लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. त्याचे औषध वेगळे असते.

टाळण्याचा सर्वांत मोठा उपाय : वजन

अमेरिकेत १९८७ साली लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. एकाच वेतातील दोन-दोन पिल्लांच्या जोड्या केल्या आणि जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले. दोघांचे अन्न तेच, फरक फक्त मापाचा. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसले की सडपातळ कुत्र्यांना संधिवात उशिरा व कमी झाला आणि त्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले. भरपूर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. एवढा गुण देणारे दुसरे स्वस्त औषध आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या घरी काय होते? आई पोळी घालते, आजोबा चहाबरोबर बिस्कीट देतात, मुले आपल्या ताटातले टाकतात. प्रत्येकाला वाटते आपण थोडेच दिले. म्हणून खाणे एका वाटीने मोजून, एकाच माणसाने द्यावे. हलक्या हाताने चाचपल्यास बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यास कंबर दिसली पाहिजे. वजन उतरवायचे तर सावकाश, आठवड्यास शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा अधिक नको. लठ्ठ मांजरास तर कधीही उपाशी ठेवू नये. काही दिवस अन्न तुटले तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते.

मोठ्या जातीच्या पिल्लाला झपाट्याने वाढवण्याची हौसही आवरावी. डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. वाढत्या हाडांना त्यांचा उपद्रव होऊ शकतो.

घरातील सोयी

सांध्यांना विश्रांती आणि हालचाल दोन्ही हवी. रविवारी एकदाच मैलभर पळवण्यापेक्षा रोज दोन-तीन वेळा थोडे थोडे चालवावे. चेंडूमागे धावून एकदम वळणे, उंचावरून उड्या मारणे टाळावे. दिवसभर साखळीने बांधून ठेवणे तर सांध्यांना घातकच.

गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट, जुनी सतरंजी किंवा रबरी चटई टाकावी. नखे वेळच्या वेळी कापावीत, कारण वाढलेल्या नखांनी पंजा नीट टेकत नाही. झोपण्यासाठी जाड घडी केलेली गोधडी द्यावी आणि पावसाळ्यात ती कोरडी राहील असे पाहावे. जिना चढवताना पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचा भार उचलावा. मांजरासाठी खिडकीखाली पाट किंवा स्टूल ठेवावे आणि ट्रेची एक बाजू कापून बसकी करावी. आखडलेल्या सांध्यास दहा-पंधरा मिनिटे कोमट कापडाचा शेक द्यावा. कापड आधी आपल्या मनगटाला लावून पाहावे. सांधा ताजा सुजून गरम झालेला असेल तर शेक देऊ नये.

औषधे : येथे चूक जिवावर बेतते

घरात आपल्यासाठी आणलेली वेदनाशामक गोळी कुत्र्या-मांजरास कधीही देऊ नये. सांगण्यासारखे अन्य काही विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये. पॅरासिटामॉल आपण तापावर सहज घेतो. पण ते पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. त्याच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. आपली एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. गुरांना डायक्लोफेनॅक दिले जाई. ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत. २००४ साली हे कारण उघड झाले, तोवर गिधाडे नाहीशी होत आली होती. २००६ साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

बाम आणि लसूण घालून उकळलेले तेलही नको. जनावर ते चाटते आणि बामातील कापूर असो की तेलातील लसूण, दोन्ही त्याला अपायकारक आहेत.

मग इलाज काय? पशुवैद्यक तपासून मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधे वजनाप्रमाणे देतात. ती खाण्याबरोबर द्यावीत, अधूनमधून रक्त तपासून यकृत-मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करावी आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड किंवा ॲस्पिरिन देऊ नये. उलटी किंवा काळी शी झाल्यास औषध थांबवून लगेच दवाखाना गाठावा. मांजराची मात्रा फार अल्प असते. कुत्र्याच्या बाटलीतून अंदाजाने देऊ नये. माशाच्या तेलाचा काही कुत्र्यांना उपयोग होतो; ग्लुकोसामीनच्या गुणाविषयीचा पुरावा मात्र कच्चा आहे. त्यावर पैसे खर्च करण्याआधी वजन व फरशी या दोन गोष्टी पाहाव्यात.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

शेवटी विद्यार्थी मित्रांस एक विनंती. घरात किंवा शेजारी सात-आठ वर्षांवरील कुत्रा अथवा दहा-बारा वर्षांवरील मांजर असेल तर एका वहीत आठवडाभर नोंद ठेवा : उठायला किती वेळ लागला, जिना चढले का, उडी मारली का, किती खाल्ले. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. तुमच्या वहीवरून डॉक्टरांना ते बरेचसे कळेल.